सुतकातला गरम भात

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या ओमेशजवळ दिवंगत वडिलांची एकच आठवण होती, आणि तिच्यावर त्याचाच विश्वास नव्हता. चौऱ्याऐंशी साली पंतप्रधानांच्या हत्येची बातमी रेडिओवरून कामठ्यात पोहोचली, त्या संध्याकाळी बाबांनी चार वर्षांच्या ओमेशला मांडीवर घेऊन वाफाळता भात भरवला होता. अडचण अशी, की सगळ्या गावाने सुतक पाळलेल्या त्या दिवशी कोणाच्याही घरी चूल पेटली नव्हती, असे आई आजही छातीठोकपणे सांगे.

"आई, चूल नाही, तर भात गरम कसा? मी ते स्वप्नातच पाहिलं असणार."

"सपन काऊन? शेजारच्या उदारामभाऊच्या घरून आला होता भात."

"म्हणजे त्यांची चूल पेटली होती."

"त्यायच्या घरी तं सुतक होतं बाप्पा! ते आपल्या घरचा भात जेवले."

"म्हणजे आपलीही पेटली होती!" ओमेशने विजयी मुद्रेने चष्मा सारखा केला.

आईने कीव आल्यासारखे त्याच्याकडे पाहिले. "एवढा मोठा मास्तर झाला, आन् एवढं समजून नाही राहिलं तुले? मयतीच्या घरी शेजाऱ्यानं रांधून द्या लागते. त्या दिवशी सारं गावच मयतीचं घर होतं. मंग साऱ्यायनं शेजाऱ्यासाठी रांधलं. सोतासाठी कोणं पेटवली चूल? आन् सपन कायचं रे, एकेक घास फुंकून फुंकून भरवून राहिला होता तुहा बाप."