तिसऱ्या कडव्यातला खोकला

अमेरिकेतल्या मिसिसिपीचा म्हातारा काळा गायक रूबेन इंग्लंडात न्यूकॅसलच्या क्लबात तालीम ऐकत बसला होता. गोरी पोरं त्याचंच तीस वर्षांपूर्वीचं ब्लूज गाणं त्याच्याच गावच्या हेलात गात होती. तिसऱ्या कडव्यात गाणारा नॉर्मन दोनदा खोकला. गाणं पुन्हा घेतलं, पुन्हा खोकला. रूबेनला राहवेना. “पोरा, घसा धरलाय?” “छे हो! खोकला तुमच्या रेकॉर्डवरच आहे. हुबेहूब जमायला महिना गेला.” रूबेन चक्रावला. ती रेकॉर्ड त्याने जन्मात ऐकली नव्हती. घरी ग्रामोफोनच नव्हता. नॉर्मनने झिजलेली तबकडी लावली. खोकला येताच रूबेन ताडकन उठला. “हा माझा नाही रे. गाणं माझ्या घरीच रेकॉर्ड केलं होतं. बायको होती दाराशी. त्याच हिवाळ्यात गेली.” नॉर्मन ओशाळला. “मग काढून टाकतो, काका.” “खबरदार काढलास तर! फक्त जरा दाबून खोक. माझं गाणं बिघडू नये म्हणून तिने तोंडात ॲप्रन कोंबला होता.”