भिंत कुठली

सबवूफरचा काळा गोल पडदा जेमतेम सहा मिलिमीटर पुढे येत होता आणि तेवढाच मागे जात होता. समोरून तो स्थिरच वाटे. मंजुषा बाजूने वाकून बघत होती, म्हणून तिला ते दिसलं. एवढ्याशा हालचालीने दुकानातला सोफा मात्र चांगला थरथरत होता आणि सोफ्यावर बसलेला तिचा नवरा, उदय, हसत होता.

"बस इथे, मंजू. पाठीला फुकटचा मसाज."

कोलकात्यात एस्प्लनेडच्या या दुकानात ते लागोपाठ तिसऱ्या शनिवारी आले होते. विक्रेता दीपांकर आता त्यांना न विचारता चहा मागवायचा आणि मंजुषाला 'मासीमा', म्हणजे मावशी, म्हणायचा. त्याने सबवूफरचा आवाज कमी केला.

"सर, आज नक्की करून टाकू या," तो हिंदीत म्हणाला. "साउंडबार, की हे पाच स्पीकर आणि सबवूफर? टीव्ही पंचावन्न इंची, की पासष्ट?"

"साउंडबार बरा. एकच पट्टी, उचलली की निघालो," उदय म्हणाला. "आणि टीव्हीचा खोका, थर्माकोल, सगळं द्यायचं हं. टाकायचं नाही."

बँकेच्या नोकरीत नऊ बदल्या झालेल्या माणसाची ही सवय होती. फ्रिज, मिक्सर, इस्त्री, सगळ्यांचे मूळ खोके माळ्यावर होते. दमदमचा फ्लॅट स्वतःचा असूनही सहा वर्षांत तिथल्या भिंतीला एक खिळा लागला नव्हता. कॅलेंडर खिडकीच्या कडीला लटकत असे.

निवृत्तीला चौदा महिने झाले होते. त्यांचा नाशिकचा फ्लॅट रिकामा होता. तिकडे जायचं की इथेच राहायचं, हे आधी दुर्गापूजेनंतर ठरणार होतं, मग थंडीनंतर, मग आंबे संपल्यावर. मंजुषाला जायचं नव्हतं. बदली होईल त्या गावी तिने शाळेत विज्ञान शिकवलं होतं, आणि आता दर बुधवारी ती बराकपूरला जाऊन तिथल्या एका शाळेत मुलांकडून प्रयोग करून घ्यायची. पण घरी विषय निघाला की उदय म्हणे, "बघू." मग तीही म्हणे, "बघू."

"खोलीचं माप आणलंत?" दीपांकरने विचारलं.

उदयने खिशातून चौकटीचा कागद काढला. पट्टीने आखलेला हॉल, सोफा, खिडकी, टीव्हीची जागा. साडेसतरा फूट बाय अकरा. मंजुषाने तो हातात घेतला. आकड्यांच्या आधी तिला बाल्कनीचं दार दिसलं. दमदमच्या हॉलला बाल्कनी नव्हती.

"हा नाशिकचा हॉल आहे."

"हो, पुतण्याकडून मापं मागवली. ऋषभने टेप लावून मोजलंय."

"म्हणजे तुमचं ठरलंय."

"छे. मागे बघ."

तिने कागद उलटला. मागे दमदमचा हॉल होता. तेरा बाय दहा. तितकाच नीटनेटका, दाराच्या बिजागऱ्यांसकट.

"दोन्हीकडे चालेल असं काहीतरी बघतोय," उदय म्हणाला.

दीपांकरने कागद घेतला, एकदा सुलटा पाहिला, एकदा उलटा. "सर, दोन्हीकडे चालेल असं काही नसतं. मोठ्या खोलीचा सबवूफर छोट्या खोलीत नुसता घुमत राहील. छोट्या खोलीचा मोठ्या खोलीत ऐकूच येणार नाही. विचारा मासीमांना, त्या सायन्सच्या आहेत."

"बरोबर आहे त्यांचं," मंजुषा म्हणाली.

"आणि मागचे स्पीकर भिंतीत बसवायचे असतात. मी ड्रिल घेऊन माणूस पाठवेन. त्याला भिंत कुठली, ते सांगावं लागेल ना?"

तो चहावाल्याला हाक मारायला बाहेर गेला. उदयने चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला.

"खरं सांगू? छत्तीस वर्षं कुठे राहायचं ते मला पत्राने कळलं. नऊ पत्रं. चांगलं की वाईट, विचार करावा लागला नाही. आता पत्रच येत नाही गं."

"बँक आता नाही पाठवायची."

"मग तू पाठव. जिथे म्हणशील तिथे रुजू होतो. अपील करणार नाही."

"मी पाठवते. पण आधी तुम्हाला काय हवंय ते सांगा."

"मला?" उदयने सोफ्यावर दोन्ही हात पसरले. "मला पासष्ट इंची टीव्ही हवाय. खोका मागायचा नाही म्हणालीस तर तेही चालेल. आणि शनिवारी संध्याकाळी क्लबात कॅरम. बस."

क्लब दमदमच्या घराच्या गल्लीत होता. उदय हे सहज बोलून गेला होता. मंजुषाने त्याच्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ.

दीपांकर तीन भांड, म्हणजे चहाचे मातीचे पेले, घेऊन आला, काठोकाठ भरलेले. मंजुषाने आपला पेला बाजूला ठेवला, कागद तेरा बाय दहाची बाजू वर करून टेबलावर पसरला आणि सोफ्यामागच्या भिंतीवर बोट टेकवलं.

"पाच स्पीकर. सबवूफर लहानातला. ड्रिलवाल्याला इथे पाठवा," ती त्याला हिंदीत म्हणाली.

मग ती उदयकडे वळली आणि वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात मराठीत म्हणाली, "आपण नाशिकला जायचं नाही. इथेच राहायचं. कायमचं."