मोठ्या अक्षरांत

हरीभाऊंनी फोन बाकाच्या हातावर टेकवून उभा केला आणि बाकावरचे सगळे गप्प बसले.

सगळे म्हणजे दोघं. रघुवीरजी आणि श्रीरामपंत. राजेंद्र नगरच्या बगीच्यात संध्याकाळी साडेपाचला हे तिघं अकरा वर्षं बसत होते, आणि त्यातली नऊ वर्षं हरीभाऊंना अक्षरही ऐकू येत नव्हतं. कानातली मशीन त्यांनी दोनदा घेऊन पाहिली. तिच्यातून स्कूटरी, कुत्री आणि स्वतःचंच चावणं तेवढं ऐकू यायचं. शेवटी ती कपाटात गेली.

आता सून नीरजाने फोनमध्ये एक सोय करून दिली होती. समोरचा बोलला की त्याचं बोलणं पडद्यावर उमटायचं, बोराएवढ्या अक्षरांत. मराठीही आणि हिंदीही. इंदूरच्या माणसाला दोन्ही लागतात, एकाच वाक्यात. "बाबा, आता तुम्हीसुद्धा गप्पांत असाल," हे नीरजाचं पहिलं वाक्य त्यांनी पडद्यावर वाचलं आणि चार वाजताच बूट घालून बसले.

"बोला की भिया," ते रघुवीरजींना म्हणाले.

रघुवीरजींनी घसा साफ केला. "आज गर्मी बहुत आहे," असं उमटलं. हरीभाऊंनी वाचलं, हो म्हणाले. पुढची दहा मिनिटं काहीही उमटलं नाही.

त्याचं कारण सगळ्यांना माहीत होतं, फक्त हरीभाऊंना नव्हतं. त्यांना ऐकू येत नाही, म्हणूनच ते सगळ्यांना आवडत. रघुवीरजी त्यांच्यापाशी सुनेबद्दल जे बोलत, ते त्यांनी बायकोजवळही कधी काढलं नव्हतं. श्रीरामपंत तर पत्नी शारदाबाई गेल्यापासून, रघुवीरजी उठून गेले की अर्धा अर्धा तास एकटेच बोलत बसायचे. हरीभाऊ त्यांच्या तोंडाकडे बघत मान डोलवायचे, दर दोन वाक्यांना एकदा. ऐकू येत नाही असं सारखं सांगितलं की लोक कंटाळून उठतात, हे त्यांना अनुभवाने कळलं होतं. मान डोलवली की बसतात. नऊ वर्षं त्यांनी ही संगत अशी टिकवली होती, आणि ती गेली तर दुसरी मिळणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर पुन्हा गर्मी. तिसऱ्या दिवशी रघुवीरजी आले नाहीत, खजराण्याच्या गणपतीला गेले म्हणे. चौथ्या दिवशीही गणपतीच. रघुवीरजी इतके काही भाविक नव्हते. हरीभाऊंना फार वाईट वाटलं. काही कळत नव्हतं तेव्हा दोन मित्र होते. कळायला लागलं तर एकच उरला, आणि तोही शेंगदाणे खात गप्प.

पाचव्या दिवशी त्यांनी फोन खिशातून काढलाच नाही.

"बंद केलाय," ते श्रीरामपंतांना म्हणाले. "तू बोल आपलं. मी बसतो नेहमीसारखा."

श्रीरामपंतांनी शेंगदाण्यांची पुडी बाकावर ठेवली. मग त्यांनी हरीभाऊंच्या खिशात हात घालून फोन काढला, त्यांच्या हातात दिला आणि चालू कर अशी खूण केली. फोन चालू झाल्यावर ते बोलले, कचेरीत अर्ज सांगावा तसे, सावकाश.

"हरी, सहा महिने मी तुला एकच विचारतोय. इथलं मकान विकून पोराकडे, मानसकडे, बंगलोरला जाऊ का? रोज विचारतो. रोज तू हो म्हणतोस. उद्या रजिस्ट्री आहे. म्हटलं, जाण्यापूर्वी एकदा तुला कळेल असं सांगावं."

हरीभाऊंनी ते दोनदा वाचलं.

"मी हो म्हणत होतो?"

"रोज."

"अरे, मला ऐकू कुठे येत होतं?"

"ठाऊक आहे," असं उमटलं. "म्हणून तर तुला विचारत होतो. रघुवीर नको म्हणाला असता. मग माझ्याने जाववलं नसतं."

हरीभाऊंची मान सवयीने हलायला निघाली होती. त्यांनी ती धरून ठेवली. नऊ वर्षांत कुणी त्यांना काही विचारलं आहे असं त्यांना कळलंच नव्हतं.

"नको जाऊस," ते म्हणाले. "मला करमणार नाही."

कोण बोलतंय हे फोनला कळत नव्हतं. त्याने हेही लिहून टाकलं. श्रीरामपंतांचे कान चांगले शाबूत होते. तरी त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पडद्यावर वाकून ती दोन वाक्यं वाचली. मग फोन स्वतःच्या तोंडाशी धरला.

"सहा महिने विचारतोय तुला," हरीभाऊंच्या समोर अक्षरं उमटली. "आणि आज सांगतोस? आता मानसला काय सांगायचं, तेही तूच सांग."