मागच्या सीटवरची जागा

हेमांग घोरपडेच्या गाडीचं नाक लांबलचक आणि मागची सीट नावापुरती. गाड्या पेट्रोलवर चालायच्या तेव्हा वडिलांनी हौसेनं घेतलेली. ती विकून त्याला नवी, कार्बनच्या बॉडीची घ्यायची होती.

"कार्बन मुका असतो," गाड्यांचा पारखी रझाक मुजावर पत्र्याला आवाज वाचायचं यंत्र चिकटवत म्हणाला. "जुनं पोलाद मात्र ऐकलेलं सगळं धरून ठेवतं. अपघात लपवणाऱ्यांची मोठी पंचाईत होते, साहेब."

"लावा की! आमच्या गाडीला कधी ओरखडासुद्धा उठला नाही," म्हणत हेमांग ऐटीत मागच्या सीटवर जाऊन बसला.

यंत्रातून आधी इंजिनाची घरघर आली, मग वडिलांची शीळ. मग अगदी त्याच्या कानाशी एक चिमुरडी खिदळली, "दादा, सरक की!" ब्रेक किंचाळले आणि त्यानंतर एकच मूल रडत राहिलं.

हेमांग एकुलता एक होता. निदान आजवर त्याला तसंच सांगितलं होतं.

"पुन्हा लावा."

"पोलाद एकदाच बोलतं, साहेब. वाचलं की पुसलं."

गाडी विकू नको म्हणून वर्षानुवर्षं भांडणारी आई धावत आली होती, पण उशिरा.

"काय म्हणाली रे ती?" तिनं पत्र्यावरचं यंत्र बघत हळूच विचारलं.

"सरक म्हणाली," हेमांग म्हणाला, आणि तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की तो मघापासून खिडकीला खेटून, अंग चोरून बसलाय आणि शेजारची अर्धी सीट त्यानं मोकळी सोडली आहे.