प्रतीक्षा यादी

"किती द्यावं लागंल?" बहिरूआबांनी विचारलं.

दीपमालाला आधी प्रश्नच कळला नाही. नाशिकहून जीपने ती सिन्नरला आली होती, पत्ता विचारत या घरापर्यंत पोचली होती. ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या म्हाताऱ्याला तिने एवढंच सांगितलं होतं, की मी नाशिकच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे, ती नोकरी सोडतेय, आणि तुमच्या सूनबाईंचं नाव यादीत माझ्या खालोखाल आहे.

"काहीच नाही, आबा."

"काहीच नाय? मंग एवढ्या उन्हात इथवर कशाला आली?"

मस्कतच्या एका शाळेने दीपमालाची निवड केली होती. पगार इथल्या चौपट. बाकी कागद आले होते, व्हिसा तेवढा यायचा होता. एजंट एप्रिलच्या मध्याची तारीख सांगत होता. इथे रुजू होऊन तिला जेमतेम दोन महिने झाले होते. "व्हिसा हातात पडू दे, मग राजीनामा दे," शाळेतले हेडक्लार्क गोटीराम म्हणाले होते. आणि फाईल कपाटात ठेवताना सहज बोलून गेले होते, "तोवर भरतीच्या यादीची मुदत मात्र संपेल. एकतीस मार्चपर्यंतच आहे ती. मग काय, जागा पडून राहील नाहीतर नवी जाहिरात निघेल."

यादीत दुसरं नाव उज्वलाचं होतं. निकाल लागला त्या दिवशी फलकासमोर हीच बाई दीपमालाकडे वळून म्हणाली होती, "तुम्हीच का त्या? अभिनंदन." मग ती पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली होती, बराच वेळ.

जीपमध्ये दीपमालाला वाटत होतं, उज्वलाला एव्हाना दुसरीकडे नोकरी लागली असेल. खरं तर तसंच असावं, असं वाटत होतं. मग गोटीराम म्हणतात तसं निवांत थांबता आलं असतं.

उज्वला चारच्या सुमाराला आली. औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत ती पॅकिंगला होती. बोटांना चिकटपट्टीचा डिंक लागलेला. दीपमालाला तिने लगेच ओळखलं आणि उंबऱ्यातच थांबली.

"बी.एस्सी. केलेली पोरगी खोकी चिकटवती," आबा म्हणाले. "आन् ही म्हंती, फुकट जागा देते."

"आबा, तुम्ही जरा गप बसा."

दीपमालाने सगळं पुन्हा सांगितलं. मस्कत, यादी, एकतीस तारीख. सोमवारी ती राजीनामा देणार, मंगळवारी शाळेचं पत्र निघणार, बुधवारी उज्वलाने हजर व्हायचं.

उज्वलाने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "व्हिसा आला तुमचा?"

"येईल. पंधरा एप्रिलपर्यंत."

"म्हणजे आला नाही."

आबांचे शेंगा फोडणारे हात थांबले. त्यांनी पहिल्यांदाच दीपमालाकडे नीट पाहिलं.

"घरी इचारलंय का तू, पोरी?"

"नाही."

उज्वला आत गेली. मोरीत पाणी पडल्याचा आवाज झाला. ती बराच वेळ हात घासत होती. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता, पण तो द्यायचं तिला सुचलं नाही.

"पुढच्या जाहिरातीला मी वयात बसत नाही," ती म्हणाली. "ऑगस्टमध्ये वय उलटतंय माझं. तुम्हाला मी नको म्हणायला पाहिजे. थांबा म्हणायला पाहिजे. पण माझ्याच्यानं म्हणवत नाही."

"मग म्हणू नका," दीपमाला म्हणाली आणि तिच्या हातातला तांब्या घेऊन घटाघट पाणी प्याली.

सोमवारी तिने राजीनामा दिला. अजून कायम झालेली नव्हती, म्हणून लगेच मोकळीही झाली. गोटीरामांनी कागदावर शिक्का मारला आणि मान हलवली. घरी आई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. बुधवारी तिने उज्वलाला प्रयोगशाळेची कपाटं दाखवली, आम्लांच्या बाटल्या दाखवल्या, कुठला बर्नर गळतो ते सांगितलं. उज्वला वहीत लिहून घेत होती. दोघींनी मस्कतचं नाव काढलं नाही.

पंधरा एप्रिल उलटला. एजंट म्हणाला, पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात त्याने फोन उचलला नाही.

दर शनिवारी संध्याकाळी दीपमालाच्या घरी फोन वाजायचा. सिन्नरच्या स्टँडसमोरच्या पीसीओवरून उज्वला बोलायची. कशा आहात, जेवलात का, यातलं काही नाही. "आला का?" एवढंच. दीपमाला "नाही" म्हणायची. मग पलीकडे क्षणभर एसटीचा हॉर्न, कंडक्टरची आरोळी, आणि फोन बंद. एकदा आईने फोन उचलला. पलीकडचा प्रश्न ऐकून तिने रिसीव्हर दीपमालाच्या हातात दिला. त्या रात्री तिने लेकीच्या ताटात जास्तीची भाकरी वाढली.

मे महिन्यात, एका मंगळवारी, व्हिसा आला. शाळेला सुट्टी लागलेली आणि उज्वलाच्या घरी फोन नव्हता. दीपमाला शनिवारची वाट पाहत राहिली. संध्याकाळी फोन वाजताच तिने धावत जाऊन उचलला आणि प्रश्नाच्या आधीच म्हणाली, "आला."

पलीकडून गाड्यांचा आवाज तेवढा येत होता.

"उज्वलाताई?"

"आहे," उज्वला म्हणाली. "म्हणजे आज लागले मी नोकरीला."