शांत पोर

"झोळीला हात लावायचा नाही. आत्ता कुठे डोळा लागलाय पोरीचा," व्हर्ना म्हणाली.

"आई, तीन तास होऊन गेले. टेसाला पाजायलाच हवं." रोक्सान बाटली घेऊन तशीच उभी.

व्हर्नाने दोर सोडला नाही. निजल्या लेकराचा जीव हिंडायला गेलेला असतो, त्याला मध्येच ओढून आणू नये, हे आमच्या तळ्याकाठी शेंबडं पोरही जाणतं. सात लेकरं निजवली तिने या कोपऱ्यात. तिला कोण शिकवणार!

तेवढ्यात बुटांवरचा बर्फ झटकत मॅरियन आत आली. ती दवाखान्यातली नर्स, व्हर्नाच्या बहिणीची मुलगी. टेसाच्या रक्ततपासणीबद्दल विनिपेगच्या मोठ्या हॉस्पिटलातून डॉक्टरांचा फोन आला होता. कोट न काढताच बसली, तेव्हाच ओळखायला हवं होतं.

"रोक्सान, ते बायोटिनचे, व्हिटॅमिनचे थेंब आता बंद करायचे."

"बंद? अगं, त्यांनीच तर हसायला लागलीय ती!"

"ऐकून तर घे. पोट रिकामं झालं की लिव्हर आतल्या आत साखर बनवतं. ते काम एका एन्झाइमचं, आणि बायोटिन म्हणजे त्याच्या हातातलं हत्यार. आम्हाला वाटलं, हत्यार कमी पडतंय. तसं नाही गं. हिचं एन्झाइमच जन्मापासून अधू आहे. आपल्या आदिवासी लोकांत आहे हे, पिढ्यान्‌पिढ्या. उपाशी झोपली की साखर उतरते, रक्तात आम्ल साचतं, आणि मग..."

"लेकरू शांत पडून राहतं," व्हर्ना म्हणाली.

दोघी तिच्याकडे बघायला लागल्या.

"माझा ॲम्ब्रोस. रोक्सानच्या आधीचा. असाच पाच महिन्यांचा. सदा निजलेला. बाया म्हणायच्या, काय गुणाचं पोर! आणि मी मेली मिरवायचे. त्या दिवशी दुपार झाली तरी उठवला नाही मी." तिने दोर सोडून दिला. "मॅरियन, खरं सांग. उठवला असता तर?"

मॅरियनचा मावशीवर फार जीव. तिने खाली बसून म्हातारीचे दोन्ही हात धरले.

"नाही गं मावशी. तुझा काही दोष नाही. तासातासाला उठवून पाजला असतास, तरी गेलाच असता तो. या लेकरांना कुणीच वाचवू शकत नाही."

व्हर्ना ढसाढसा रडली. तीस वर्षांचं रडू ते, एकदाचं बाहेर पडलं. मॅरियन तिची पाठ थोपटत राहिली, आणि मग तिचा हात थांबला.

रोक्सान अजून बाटली घेऊनच उभी होती.

"मॅरियन," ती म्हणाली, "मग मी हिला कशाला उठवू?"