तिच्या गेममधल्या खोल्या

बायको गेल्याचं हॉस्पिटलमधून कळलं, त्याच दिवशी तिने बनवलेल्या व्हिडिओ गेमची पहिली कॅसेट घरी आली. पुढच्या आठवड्यात तिची ऑफिसातली मैत्रीण भेटायला आली. तिनेच ती कॅसेट टीव्हीला जोडलेल्या मशीनमध्ये खोचली.

“तुमची बायको महाकंजूष, भावजी,” ती म्हणाली. “कॅसेटमध्ये जागा चिमूटभर, आणि बाईसाहेबांना हवा शेकडो खोल्यांचा महाल. मग तिने खोल्या काढल्याच नाहीत. फक्त पहिला आकडा दिला, तुमच्या लग्नाच्या तारखेचा. पुढची प्रत्येक खोली मशीन आधीच्या खोलीवरून आपोआप तयार करतं. काय निघेल ते तिलाही ठाऊक नव्हतं.”

मी जॉयस्टिक हलवली. पडद्यावरचा माणूस चालू लागला. पहिल्या खोलीला आमच्या भाड्याच्या खोलीसारखी छताला टेकलेली एकच खिडकी होती. दुसरीत पाळणा होता. बऱ्याच खोल्यांनंतर एक पलंग आला, शेजारी स्टूल. हॉस्पिटलात तशाच स्टुलावर बसून मी तिचा हात धरत असे.

“ही खोली गाळता येईल?”

“एक गाळली तर पुढची तयारच होणार नाही.” मैत्रीण म्हणाली. “आणि भावजी, ती आजारी पडायच्या आधीच हा गेम पुरा झाला होता.”

मी माणसाला पुढे नेलं. आमचंच स्वयंपाकघर होतं, टेबलाशी एकच खुर्ची. उजवीकडे आणखी एक दार आहे. ते मी अजून उघडलेलं नाही.